ठाण्यातली झुणका-भाकर केंद्रं: कुणाला आतून माहीत आहेत?

कोलबाडकर

नमस्कार मंडळी. माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये आहे. तिथे वाटेवर एक टपरी आहे, चहा, पावभाजी, चायनीज असं सगळं मिळतं. गेल्या आठवड्यात तिचा बोर्ड उतरवून नवा लावत होते. जुन्या पत्र्यावरचा रंग निघाला होता आणि त्याखाली "झुणका भाकर केंद्र" ही अक्षरं स्पष्ट वाचता येत होती.

माझा जन्म १९९३ चा, त्यामुळे ही केंद्रं चालू होती तेव्हा मी अगदी लहान. घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "एक रुपयात मिळायची, आम्ही खाल्लीय." आई म्हणाली, "आम्ही बायका कुठे जायचो तिथे खायला!" दोघांकडून यापलीकडे काही निघालं नाही.

मग लक्षात आलं की अख्ख्या राज्यात एकाच नावाची, एकाच पदार्थाची आणि एकाच भावाची एवढी मोठी साखळी आपल्याकडे होऊन गेली आणि तिच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं राजकारणाचं. कोणाच्या सरकारने आणली, कोणाच्या सरकारने बंद केली, जागा कुणी लाटल्या. मला जेवणाबद्दल जाणून घ्यायचं आहे. तिथे स्वयंपाक कोण करायचं? रुपयात परवडायचं कसं? खायला कोण यायचं? आणि झुणका-भाकरीच्या जागी चायनीज कसं आलं? कुणी आत काम केलेलं असेल किंवा रोज खाल्लेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

तीनहातनाका

आधी सनावळी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एक रुपयात झुणका-भाकर देऊ असं आश्वासन दिलं होतं. मार्चमध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी केंद्रं उघडायला लागली. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, सरकारी हॉस्पिटलं, कारखान्यांचे नाके अशा वर्दळीच्या ठिकाणी सार्वजनिक जागा दिल्या गेल्या. चालवायला बेरोजगार तरुण, महिला मंडळं, बऱ्याच ठिकाणी कार्यकर्ते. गिऱ्हाइकाकडून एक रुपया घ्यायचा आणि वरचा भार अनुदानातून उचलायचा, अशी रचना होती.

ऑक्टोबर १९९९ मध्ये विलासराव देशमुखांचं सरकार आलं आणि त्यानंतर योजना गुंडाळली गेली. स्टॉल मात्र उठले नाहीत. केंद्रचालक कोर्टात गेले, काही ठिकाणी "अन्नदाता आहार केंद्र" अशा नव्या पाट्या लागल्या आणि आत जे खपेल ते विकायला सुरुवात झाली. तुम्ही पाहिलेला बोर्ड त्यातलाच असणार.

मंगळवेढेकरीण

वरचा प्रतिसाद बरोबर आहे, पण त्यात भाकरी करणारी बाई कुठेच नाही. माझी आई ठाण्यातल्याच एका केंद्रावर भाकऱ्या थापायची, सुरुवातीपासून ते बंद पडेपर्यंत. म्हणून लिहिते. मोठं होईल.

आम्ही मंगळवेढ्याकडचे. १९७२ च्या दुष्काळानंतर घरातली माणसं ठाण्यात आली ती किसननगरला स्थिरावली. वडील इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेल्पर होते, तो बंद पडला. केंद्र ज्याच्या नावावर मंजूर झालं तो आमच्याच चाळीतला मुलगा, ग्रॅज्युएट होऊन घरी बसलेला. त्याने आईला विचारलं, "काकू, दिवसाला शे-दीडशे भाकऱ्या जमतील का?" आई म्हणाली, "पीठ चांगलं आणून दे, जमतील." आईची अट पिठाची होती आणि पुढे सगळं बिनसलं तेही पिठावरूनच.

ज्यांनी कधी भाकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाची कणीक मळून दोन तास झाकून ठेवता येते, लाटून पोळ्यांची चळत लावता येते. ज्वारीच्या पिठाला तो चिवटपणा नसतो. आधणाचं पाणी घालून एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, तळहाताच्या बुडाने रगडून मळायचा आणि लगेच थापायचा. पाणी गार झालं की पुन्हा आधण. दळून आठ-दहा दिवस झाले की पिठाची विरी जाते. मग थापतानाच काठ फुटतात आणि परातीतून उचलताना भाकरी मधोमध तुटते. म्हणजे दळणसुद्धा रोजच्या रोज ताजं हवं.

आता हिशोब करा. आई दोन तव्यांवर काम करायची. एका तव्यावरची पाणी फिरवून उलटेपर्यंत दुसरी थापून तयार. तिच्यासारख्या सरावाच्या बाईच्या हातूनही तासाला तीस-पस्तीसच्या वर भाकऱ्या होत नसत. साडेबाराला रांग लागायची. म्हणजे सकाळी आठच्या आत स्टोव्ह पेटलाच पाहिजे. पत्र्याचं छप्पर, दोन पंपाचे स्टोव्ह आणि मे महिना. आईच्या उजव्या तळव्याला जे घट्टे पडले ते आजही आहेत.

शेजारच्या गाडीवर वडे तळणारा एका घाण्यात वीस वडे काढायचा आणि पाव बेकरीतून आयते यायचे. वडापाव त्या जागी का आला याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. भाकरी ही गर्दीसाठी स्वस्तात करायची गोष्ट नाहीच, ती माणसाच्या हाताचा वेळ खाते. योजनेत ज्वारीचा भाव धरला असेल, बेसनाचा धरला असेल, रॉकेलचाही धरला असेल. भाकरी थापणारीच्या हाताचा भाव कुणी धरला होता असं मला वाटत नाही. घरी बायका फुकट करतात, म्हणून ते काम स्वस्त आहे असंच सगळ्यांनी गृहीत धरलं.

पहिले काही महिने केंद्रावर मालदांडी ज्वारी यायची. चालक स्वतः वाशीच्या धान्यबाजारात जाऊन पोती निवडायचा, इतकी त्याला हौस होती. मालदांडी म्हणजे आमच्याकडच्या काळ्या रानातली रब्बीची ज्वारी, पांढरी, टपोरी. तिची भाकरी दुसऱ्या दिवशी शिळी खाल्ली तरी मऊ लागते. रांगेतली सोलापूर-साताऱ्याची माणसं पहिल्या घासालाच ओळखायची. एक हमाल दादा होते, ते भाकरीचा पापुद्रा सोडवून आधी नुसताच खायचे आणि मग झुणक्याला हात लावायचे.

पुढे मालदांडी परवडेना आणि खरिपाची संकरित ज्वारी यायला लागली. ती स्वस्त पडते, पण काढणीच्या वेळी पाऊस सापडला तर कणसातच काळी पडते. भाकरीला करडा रंग आणि किंचित कडवट चव येते, गार झाली की वातड होते. ती तुटू नये म्हणून आई तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात मिसळायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या एका आगरी मावशीला तांदळाची भाकरी करताना बघून तिने ते उचललं.

मग १९९८ मध्ये दिवाळीच्या आसपास कांदा भडकला. झुणक्यात निम्मा जीव कांद्याचा आणि वर भाकरीसोबत तोंडी लावायला कच्चा कांदा. आधी तो तोंडी लावायचा कांदा गेला. मग झुणक्यातला कमी झाला, म्हणून बेसन वाढवावं लागलं. ते महाग, म्हणून पाणी वाढलं. झुणक्याचं पातळ पिठलं झालं आणि ते द्रोणातून गळायला लागलं. चालकावर माझा राग नाही. रुपया तोच आणि बाजार दर महिन्याला वेगळा, त्याने करायचं काय? आधी बाजूला वडापाव ठेवला, मग भजी, मग चहा. भाकरी सकाळच्या थोड्याच, पाटीवर नाव आहे म्हणून करायच्या.

आईला पैसे शेकड्यावर मिळायचे, तुटलेली भाकरी मोजणीत नसायची. केंद्र कुणाला दिलं याचे कागद असतील, कोर्टाचे निकाल असतील. पण ठाण्यातल्या केंद्रांवर ज्या बायकांनी हजारोंनी भाकऱ्या थापल्या, त्यांचं नाव कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. ते कुठेतरी लिहिलेलं असावं, निदान इथे तरी.

कोलबाडकर

ताई, मनापासून आभार. मला नेमकं हेच हवं होतं. दोन गोष्टी विचारतो. आठ वाजता केलेली भाकरी साडेबारापर्यंत मऊ कशी ठेवायचे? आणि सुरुवातीच्या चांगल्या दिवसांतला झुणका कसा करायचे, तो घरी करून बघायचा आहे.

टर्नर१९७९

मी खाणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. मी १९७९ ला वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो.

एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. मोठ्या कंपन्यांमध्ये कॅन्टीन होती, कामगारांना सवलतीत जेवण. पण तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे अडीचशेच्या वर कामगार असले तरच कॅन्टीन सक्तीचं करता यायचं. इस्टेटमध्ये दहा-वीस माणसांचे गाळे अगणित, तिथे कसलं कॅन्टीन! डबा आणला तर जेवायचं. आणि डबा त्याचा, ज्याच्या घरी पहाटे उठून करणारं कुणी आहे. कंत्राटी पोरं पाच-सहा जण एका खोलीत राहायची, त्यांना डबा कुठला? नव्वदच्या दशकात मोठे कारखाने एकेक करून बंद पडायला लागले, तशी कॅन्टीनही गेली आणि कंत्राटी माणसं वाढली. त्या वेळेला ही केंद्रं आली.

दुपारच्या सुट्टीत आमच्या नाक्यावरच्या केंद्रासमोर रिक्षावाले, हमाल, बिगारी, वॉचमन, सगळे उभे असायचे. बसायला जागा नव्हती, उभ्याने खायचं. एका प्लेटने काम करणाऱ्या माणसाचं पोट भरत नाही, आम्ही दोन घ्यायचो. तरी मिसळपाव किंवा राईसप्लेटपेक्षा किती तरी स्वस्त पडायचं. शिवाय भाकरी खाल्ली की संध्याकाळी शिफ्ट सुटेपर्यंत भूक लागत नाही. दोन वडापाव खाऊन मशीनवर उभं राहिलं की चार वाजता पोटात आग पडते, हे मशीनवर काम केलेल्या कुणालाही विचारा.

मंगळवेढेकरीण ताई, तुम्ही म्हणता तो दर्जाचा उतार आम्हाला समोरच्या बाजूने दिसत होता. पिठलं पातळ झालं तेव्हा लोक कुरकुरले. भाकरी लहान झाली तेव्हा रांग तुटली. मी स्वतःही मग डब्याकडे वळलो. पण आतली बाई दिवसभर कशी उभी असते ते आम्हाला खिडकीतून दिसत नव्हतं. दिसायचे ते फक्त द्रोण पुढे करणारे हात. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

पाचपाखाडी

टर्नर काकांचा कॅन्टीनचा मुद्दा महत्त्वाचा वाटला, त्यात थोडी भर घालते. सरकारने स्वस्त जेवण देण्याचा प्रयोग आपल्याकडे पुन्हा झाला. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. त्यात केंद्रचालकाला शहरात थाळीमागे ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरले होते. गिऱ्हाईक त्यातले १० देणार, उरलेले अनुदान. करोनाच्या टाळेबंदीत तीच थाळी ५ रुपयांना झाली आणि २०२१ मध्ये काही काळ मोफतही मिळाली. तमिळनाडूत अम्मा उणवगम २०१३ मध्ये आलं, बंगळुरात इंदिरा कॅन्टीन २०१७ मध्ये. आपली झुणका-भाकर या दोन्हींच्या कितीतरी आधीची.

पण शिवभोजनाच्या थाळीत काय होतं ते बघा: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. भाकरी नाही. मंगळवेढेकरीण यांचा प्रतिसाद वाचल्यावर त्यामागचं कारण लक्षात आलं. चपातीची कणीक मशीनवर मळता येते, चपात्या मशीनवर निघतात, डब्यात टिकतात.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीची खूप जाहिरात झाली. ठाण्यातल्या बऱ्या हॉटेलात आज एका भाकरीला तीस-पस्तीस रुपये पडतात आणि लोक आनंदाने देतात. माझ्या मते हाताच्या कामाचा तो खरा भाव आहे. तो भाव ज्याला परवडत नाही त्याला भाकरी द्यायची असेल तर थापणारीचा पगार वेगळा धरावाच लागेल. नाहीतर पुन्हा तेच होईल.

मंगळवेढेकरीण

काका, तुमचा नमस्कार आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "नाक्यावरचं म्हणजे कुठलं केंद्र, आमचं का?" जमलं तर कळवा, तिला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पाचपाखाडी, तुमच्याशी बरीचशी सहमत आहे, एका ठिकाणी अडते. फक्त पगार धरून भागणार नाही. दीडशे भाकऱ्यांना एकच बाई ठेवली तर पैसे देऊनही ती दोन वर्षांत खांदा धरून बसेल. आईचा खांदा तसाच गेला. दोघी हव्यात, एक थापायला आणि एक भाजायला, आणि मध्ये अदलाबदल व्हायला हवी. आई म्हणते की शेवटच्या वर्षी तिला एक जोडीदारीण मिळाली होती, तेव्हा काम निम्मं झाल्यासारखं वाटायचं आणि गप्पाही व्हायच्या.

कोलबाडकर, आता तुमचे प्रश्न.

भाकरी मऊ ठेवायची तर तव्यावरून काढल्यावर लगेच एकावर एक रचायची नाही. वाफ कोंडते आणि खालची ओली, चिकट होते. आई आधी टोपलीच्या काठाला उभी टेकवून वाफ जाऊ द्यायची, मग जाड सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळून वेताच्या टोपलीत. स्टीलच्या डब्यात नाही, त्यात पाणी सुटतं. एवढं करूनही संकरित ज्वारीची भाकरी दुपारी वातड व्हायचीच, मालदांडीची टिकायची.

झुणका चार माणसांचा सांगते. मोठे तीन कांदे उभे पातळ चिरून. तेल जरा सढळ घ्यायचं, ते कमी झालं की झुणका घशाला बसतो. मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, मग कांदा, आणि तो लाल होईपर्यंत नाही, नुसता काचेसारखा होईपर्यंत परतायचा. हळद, तिखट, मीठ. मग वाटीभर बेसन कोरडंच एका हाताने भुरभुरवत दुसऱ्या हाताने हलवत राहायचं, म्हणजे कांद्याच्या पाण्यातच ते भिजतं. वरून पाण्याचे हबके मारायचे, तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी झाकण ठेवून वाफ काढायची. शेवटी कोथिंबीर. बेसन कच्चं राहिलं तर वास येतो, तेवढ्यासाठी शेवटची पाच मिनिटं मंद आचेवर काढा. केंद्रावर हाच झुणका मोठ्या पातेल्यात व्हायचा, तेव्हा एकटीला हलवणं जमत नसे. चालक स्वतः बाही सरसावून उलथनं घेऊन उभा राहायचा.

ज्वारी घ्यायची असेल तर मार्चनंतर घ्या, तेव्हा रब्बीची नवी येते. मालदांडी म्हणून मागा, दाणा पांढरा आणि चकचकीत आहे ना ते तळहातावर घेऊन बघा, आणि आठवड्याला पुरेल तेवढीच दळून आणा.